वीतभरही नाही

शिए मास्तरांनी माप आणलं ते दोऱ्याचं.
लाल सुती दोरा, दोन गाठी मारलेला.
म्हणाले, या गाठीपासून त्या गाठीपर्यंत.
याहून मोठं पेटीत मावत नाही.

मी दोरा फूटपट्टीवर ताणला.
अठरा सेंटीमीटर, वर दोन-तीन रेघा.
म्हणजे सतरा बाय सतराचा बोर्ड. वीतभरही नाही.

तैपेईच्या या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं मी मदरबोर्ड विकते.
गिऱ्हाईक दिवे मागतं, रंग बदलत फिरणारे,
नाहीतर स्वस्त मागतं.
दोऱ्याने मापून कुणी मागितला नव्हता.

पेटी बाहुल्यांची, कापराच्या लाकडाची.
युनलिनमध्ये देवळांपुढे ट्रक उभा राहतो,
ट्रकची बाजू उघडली की रंगमंच.
मास्तर बाहुल्या नाचवतात
आणि थोरली बहीण, आ-किम, पडद्यामागे बसून
राजा बोलायची, चोर बोलायची,
वाघ, वाघाची बायको,
आणि त्या दोघांचं भांडणही, एकाच दमात.
थंडीत ती गेली.
शेवटचे अकरा खेळ भाच्याने सहा कॅमेऱ्यांत धरले,
चार डिस्कांच्या एका काळ्या डब्यात भरले.
डब्याला तोंड एकच.
तोंडावर विजेची बारीक खूण.

मग सोपं आहे, मी म्हणाले,
आणि तिथेच चुकले.

भोक सगळ्यांचं सारखंच असतं हो.
लांबट, गुळगुळीत, उलटसुलट कसंही चालणारं.
एकातून चाळीस गिगाबिट धावतात,
दुसऱ्यातून फोन चार्ज होतो, तोही सावकाश.
खोक्यावर छापलेलं : सपोर्ट.
सपोर्ट म्हणजे काय, तर कोपऱ्यात उभ्या पाच पिना.
कार्ड वेगळं घ्या, स्लॉटमध्ये बसवा.
एवढ्याशा बोर्डावर स्लॉट एकच,
आणि त्यात मास्तरांचं साउंड कार्ड ठाण मांडणार.
बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

ताओयुआनच्या गोदामाला फोन केला.
शिनचूच्या वेन-लिंगला केला. ती हसली,
म्हणाली, छोट्याला मोठ्याचं सगळं हवं असतं,
आणि बनवणाऱ्याला ते परवडत नाही.

मास्तर स्टुलावर बसून.
डावा पंजा मधूनच जागा व्हायचा :
तर्जनी मान, अंगठा एक हात, उरलेली बोटं दुसरा.
रिकाम्या पंजाने कुणाला तरी वाकून नमस्कार केला.
मी बिलं चाळत राहिले.

सापडला तो आमच्याच मोडक्या मालाच्या ट्रेमध्ये.
प्रदर्शनातला नमुना. खोकं नाही,
मागची पत्र्याची पट्टी नाही, रॅमची एक खाच मेलेली.
पण पाठीवर दोन भोकं, दोन्हींवर वीज.
नव्याची किंमत जिभेवर आली होती. गिळली.

डबा जोडला. काही नाही.
बंद करून चालू केला. काही नाही.
बायोसमध्ये शिरले, दडवून ठेवलेला एक पर्याय उघडला,
तरीही नाही.
मग केबल पाहिली : दोन मीटर, भाच्याने रस्त्यावरून घेतलेली.
माझी लावली, आखूड, जाड.
डिस्का कण्हल्या.
अकरा खेळ ओळीने उभे राहिले.

आवाज नको, मास्तर म्हणाले. इथे नको.

पडद्यावर आ-किमचे ओठ हलू लागले.
बाजारात कुणी कीबोर्डवर सूट ओरडत होतं,
आणि शेजारी एक म्हातारा, जन्मभर फक्त हात दिलेला,
तिच्या ओठांवर ओठ ठेवत पुटपुटत होता.
राजा बरा जमला. चोर घोगरा झाला.
वाघाच्या बायकोपाशी अडले.
मागे घ्या, म्हणाले, तिची एक ओळ गळली.
मी मागे घेतलं.
गेलं तसंच, पापणी लवायच्या आत.
पुन्हा अडले. पुन्हा घेतलं.

पट्टी मी मूनकेकच्या डब्याच्या झाकणातून कापून दिली,
अर्धा ससा त्यावर तसाच राहिला.
पत्र्याला धार आहे, बोट जपा,
एवढं सांगायचं राहून गेलं.